समालोचकाने मायक्रोफोन नाकारला : जॉन आर्लट आणि १९७०चा रद्द झालेला दौरा

क्रीडा समालोचकाने राजकारणावर बोलावे का, हा वाद प्रत्येक मोठ्या स्पर्धेच्या सुमारास पेटतो आणि जणू समाजमाध्यमांनीच तो जन्माला घातला, अशा थाटात लढला जातो. प्रत्यक्षात त्याची एक लखलखीत आवृत्ती अर्धशतकापूर्वी इंग्लंडमध्ये घडून गेली आहे. आजचा धागा त्या प्रसंगाविषयी.

जॉन आर्लट (१९१४–१९९१) आधी साउथॅम्प्टनमध्ये पोलीस होते, मग कवी, मग बीबीसीत काव्यविषयक कार्यक्रमांचे निर्माते. १९४६ साली थोरल्या पतौडींच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा भारतातील श्रोत्यांसाठी सामन्यांचे वर्णन करण्याचे काम त्यांच्याकडे आले. म्हणजे मर्चंट, हजारे, मंकड यांचा खेळ सांगता सांगता हा माणूस समालोचक झाला. आपल्याकडे जुनी पिढी बाळ ज. पंडितांची आठवण ज्या जिव्हाळ्याने काढते, त्याच जिव्हाळ्याने इंग्लंडात आर्लट यांच्या हॅम्पशायरी वळणाच्या आवाजाची काढली जाते.

१९४८-४९ मध्ये ते इंग्लंडच्या संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेले. तेथे नॅशनल पार्टी नुकतीच सत्तेवर आली होती आणि वर्णभेदाला कायद्याची चौकट मिळू लागली होती. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये जाऊन आर्लट यांनी ते जीवन डोळ्यांनी पाहिले. परतल्यावर १९५० साली बीबीसीच्या ‘एनी क्वेश्चन्स?’ या कार्यक्रमात त्यांनी तेथील सरकारला प्रामुख्याने नाझी वळणाचे म्हटले. परिणामी त्या कार्यक्रमाची दारे त्यांना काही वर्षे बंद झाली. क्रिकेटचा मायक्रोफोन मात्र शाबूत राहिला. संस्थेची सीमारेषा यातून स्पष्ट दिसते: खेळ सांगा, मत सांगू नका.

आर्लट यांनी ही रेषा दीर्घकाळ पाळली, हेही नमूद करायला हवे. १९५१ ते १९६५ या काळात दक्षिण आफ्रिकेचे संपूर्ण श्वेतवर्णीय संघ चार वेळा इंग्लंडला आले. १९६० साली डेव्हिड शेपर्ड या माजी कर्णधाराने, जो तोवर धर्मगुरू झाला होता, त्या संघाविरुद्ध खेळण्यास नकार दिला. आर्लट यांनी तसे काही केले नाही. त्यांना संतपदी बसवणाऱ्या लेखांमध्ये हा तपशील सहसा गाळलेला असतो.

त्यांचा विरोध त्या काळात वेगळ्या मार्गाने चालला होता. केप टाउनमधील बेसिल डॉलिव्हेरा हा गुणी अष्टपैलू ‘कलर्ड’ वर्गात मोडत असल्याने स्वदेशाच्या संघात त्याला जागा नव्हती. त्याने आर्लट यांना पत्र लिहून मदत मागितली आणि त्यांच्या खटपटीमुळे १९६० साली मिडलटन या लँकेशायरमधील क्लबकडून त्याला करार मिळाला. पुढे तो इंग्लंडकडून खेळला. ऑगस्ट १९६८ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा काढूनही दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी त्याला वगळण्यात आले. टॉम कार्टराइट जखमी होऊन बाहेर पडला, तेव्हा डॉलिव्हेराची निवड झाली. पंतप्रधान फॉर्स्टर यांनी असा संघ स्वीकारायला नकार दिला आणि दौराच बारगळला.

तरीही १९७०च्या उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेला इंग्लंडात बोलावण्याची तयारी सुरू होती! विशीतला पीटर हेन आणि त्याचे सहकारी आंदोलन करत होते. लॉर्ड्सवर काटेरी तारा लागल्या होत्या. एप्रिलमध्ये आर्लट यांनी ‘गार्डियन’मध्ये जाहीर केले, की या मालिकेचे रेडिओ समालोचन आपण करणार नाही. समालोचन आनंदातून येते आणि येथे तो आनंद आपल्याला वाटणे शक्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादाकडे नीट पाहा. दोन षटकांच्या मध्ये वर्णभेदावर प्रवचन देण्याची मुभा ते मागत नव्हते. धावते वर्णन ही निव्वळ माहिती नसते, हे त्यांनी ओळखले होते. हिरवे मैदान, कोवळे ऊन, एखादा देखणा कव्हर ड्राइव्ह हे सारे त्यांच्या आवाजातून घरोघरी पोहोचले असते आणि वंशाच्या निकषावर निवडलेला संघ नेहमीच्या पाहुण्यांसारखा भासला असता. माझ्या मते त्यांनी नाकारले ते हे सामान्यीकरण.

विरुद्ध बाजूही पोकळ नाही. परवानाशुल्कावर चालणाऱ्या बीबीसीचे कित्येक श्रोते दौऱ्याच्या बाजूचे होते. शिवाय प्रत्येक समालोचक आपल्या सदसद्विवेकाप्रमाणे संघ निवडू लागला, तर १९६८ साली प्रागमध्ये रणगाडे घालणाऱ्या सोव्हिएत रशियाच्या खेळाडूंचे काय? आर्लट स्वतः १९५५ आणि १९५९ मध्ये लिबरल पक्षातर्फे एपिंगमधून निवडणूक लढले होते. तेव्हा तटस्थतेचा दावा त्यांच्या तोंडी शोभलाच नसता. त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येते, की निर्णय त्यांनी स्वतःच्या आवाजापुरता घेतला. ज्यांचे नाव आणि पोट दोन्ही मायक्रोफोनवर अवलंबून आहे, अशा नवख्या समालोचकाला हे परवडले असते का? बहुधा नाही.

प्रत्यक्षात त्या नकाराची परीक्षा झालीच नाही. गृहमंत्री जेम्स कॅलहॅन यांच्या विनंतीनंतर मे महिन्यात दौरा रद्द झाला. त्याऐवजी इंग्लंडविरुद्ध शेष विश्व संघाचे पाच सामने झाले. त्या संघाचा कर्णधार होता बार्बाडोसचा गॅरी सोबर्स. त्याच्या हाताखाली मुंबईचा फारुख इंजिनिअर खेळला, तसेच ग्रॅम पोलॉक, बॅरी रिचर्ड्स, एडी बार्लो आणि माइक प्रॉक्टर हे दक्षिण आफ्रिकीही. समोर इंग्लंडच्या बाजूने डॉलिव्हेरा. शेवटच्या सामन्यात, ओव्हलवर, पोलॉक आणि सोबर्स यांनी १६५ धावांची भागीदारी केली. पोलॉकच्या स्वतःच्या देशात त्या दोघांना एका संघातून खेळता आले नसते.