इंग्लंडमध्ये एडीएचडीची तपासणी : संस्था निवडण्याचा हक्क

अवधानातील उणीव आणि अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, हा दीर्घकाळ केवळ लहान मुलांचा विकार समजला जात असे. बालपणी सुरू झालेला हा विकार अनेकांच्या बाबतीत प्रौढपणीही टिकून राहतो, हे आता वैद्यकशास्त्राला मान्य आहे. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या तपासणीची मागणी गेल्या काही वर्षांत इतकी वाढली, की अनेक भागांतील स्थानिक केंद्रांच्या प्रतीक्षायाद्या काही वर्षांपर्यंत लांबल्या. खासगी तपासणीला शेकडो पौंड मोजावे लागतात. या दोहोंमधला मार्ग म्हणजे तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने, अर्थात एनएचएसने, रुग्णाला दिलेला 'राइट टू चूज' हा हक्क. शारीरिक आजारांसाठी तो 2009 पासून, तर मानसिक आरोग्यासाठी एप्रिल 2014 पासून लागू आहे.

नोकरी वा शिक्षणानिमित्त तेथे वास्तव्यास असलेल्या मराठी मंडळींना ही व्यवस्था प्रथम चमत्कारिक वाटते. पुण्या-मुंबईत रुग्ण थेट मनोविकारतज्ज्ञाकडे जातो. इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने विशेषज्ञाकडे जाण्याची वाट 'जीपी'च्या, म्हणजे नोंदणी केलेल्या फॅमिली डॉक्टरच्या, दारातूनच जाते. तपासणीची गरज आहे की नाही, हे जीपी ठरवतो. ती आहे असे त्याचे मत झाले, की शिफारसपत्र कोणत्या संस्थेकडे जावे, हे सांगण्याचा हक्क रुग्णाचा. मात्र त्या संस्थेचा एनएचएसशी अशा सेवेसाठी करार असला पाहिजे. हा करार रुग्णाच्याच भागातला असण्याची गरज नाही, त्यामुळे लीड्सच्या रहिवाशाला दूरच्या शहरातील संस्थाही निवडता येते. तपासणीचे शुल्क द्यावे लागत नाही. याच विकारासाठी आधीच उपचार सुरू असतील, तर मात्र हा हक्क वापरता येत नाही. तुरुंगातील कैदी आणि सैन्यदलात सेवेत असलेल्या व्यक्तीही त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

जीपीकडे जाताना अठरा प्रश्नांची 'एएसआरएस' ही स्वमूल्यमापन प्रश्नावली भरून नेणे सोयीचे ठरते. ती केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. 'नाइस' या संस्थेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निदान प्रशिक्षित विशेषज्ञानेच करावयाचे असून, ते केवळ प्रश्नावलीतील गुणांवर करता येत नाही.

संस्था निवडताना बहुतेकांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते, ती म्हणजे कोणाची रांग सर्वांत लहान आहे. हा प्रश्न गैर नाही, पण अपुरा आहे. निदानानंतर औषध घ्यावयाचे ठरले, तर योग्य मात्रा सापडेपर्यंत काही आठवडे ते महिने नाडी, रक्तदाब व वजन तपासत मात्रा हळूहळू बदलावी लागते. काही संस्थांमध्ये या टप्प्यासाठी वेगळी रांग असते, आणि काही संस्था फक्त निदानच करतात. अशा ठिकाणी लवकर निदान मिळालेला रुग्ण अहवाल हातात घेऊन पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो. म्हणून शिफारसपत्र जाण्यापूर्वीच औषधाची सोय आहे काय आणि त्याची प्रतीक्षा किती, हे संस्थेला विचारलेले बरे.

त्यापुढचा पेच 'शेअर्ड केअर'चा. मात्रा स्थिर झाली, की औषधाची चिठ्ठी देण्याचे काम जीपीने स्वीकारावे, अशी अपेक्षा असते. पण ते त्याच्यावर बंधनकारक नाही. नकार मिळाल्यास चिठ्ठीची जबाबदारी विशेषज्ञाकडेच राहते. निवडलेल्या संस्थेबरोबर आपला जीपी असा समझोता करण्यास तयार आहे काय, हे शिफारशीच्या दिवशीच विचारण्यात संकोच कसला?

तपासणीतील सर्वांत कठीण भाग अनेकदा वर्तमानाचा नसून भूतकाळाचा असतो. लक्षणांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसत होती, याचा पुरावा विशेषज्ञ शोधतो. मराठी रुग्णाच्या बाबतीत हा पुरावा बहुधा नाशिकच्या वा नागपूरच्या घरातील जुन्या ट्रंकेत असतो. प्रगतिपुस्तकातील 'हुशार आहे, पण लक्ष नसते' किंवा 'वर्गात फार बोलतो' असे शेरे येथे खरोखर उपयोगी पडतात. त्यांचे साधे इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे. आई-वडिलांशी दूरध्वनीवर बोलून माहिती घेणे शक्य असेल, तर दुभाष्याची गरज संस्थेला आधीच कळवावी. पालक हयात नसले किंवा कागद हरवले, म्हणून तपासणी अडत नाही. मोठी बहीण वा भाऊही सांगू शकतो. भारतात पूर्वी झालेल्या निदानाची कागदपत्रे जरूर द्यावीत, मात्र तेवढ्यावर तेथील जीपी सहसा औषध सुरू करत नाही.

हा हक्क केवळ इंग्लंडपुरता आहे. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये आरोग्य सेवेचे नियम वेगळे असल्याने ग्लासगो किंवा कार्डिफच्या रहिवाशाला तो मिळत नाही. इंग्लंडमध्येच घर बदलून जीपी बदलला, तर शेअर्ड केअरचा समझोता नव्या डॉक्टरने नव्याने मान्य करावा लागतो. त्यामुळे औषध सुरू असलेल्या व्यक्तीने नव्या ठिकाणी नोंदणी करण्यापूर्वीच तशी विचारणा करावी आणि विशेषज्ञाच्या अहवालाची प्रत स्वतःजवळ ठेवावी.