व्याख्यानमुद्रण आणि जुनी संगणकयंत्रे

अनेक कॅमेऱ्यांनी व्याख्यान टिपावयाचे म्हटले की जुना संगणक निरुपयोगी, अशी समजूत विद्यापीठांत रूढ आहे. इतिहासाच्या कसोटीस ती उतरत नाही.

आरंभी हे काम माणसांचे होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९६९ मध्ये अभियांत्रिकीचे वर्ग दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित करावयास प्रारंभ केला, तेव्हा कोणते दृश्य दाखवावयाचे हे तंत्रज्ञास त्याच क्षणी ठरवावे लागे. कॉर्नेल विद्यापीठातील मुखोपाध्याय व स्मिथ यांनी १९९९ मधील आपल्या निबंधात हा निर्णय पुढे ढकलला. एक कॅमेरा संपूर्ण व्यासपीठ पाही, दुसरा वक्त्याच्या मागोमाग फिरे. जुळणी व संपादन संगणक मागाहून करी. आमच्या मते या इतिहासातील खरा सांधा तो हाच. वर्गातील यंत्राकडे त्यामुळे केवळ कारकुनी उरली. डीव्ही जातीचा कॅमेरा चित्राचे कॉम्प्रेशन स्वतःच करी. संगणकाने सेकंदास सुमारे ३.६ मेगाबाइट, म्हणजे तासास सुमारे १३ गिगाबाइट, हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावयाचे, इतकेच. प्रोसेसर मंद असला तरी चाले; डिस्क मात्र धड हवी. बर्कली, झुरिक आदी विद्यापीठांनी मिळून २०१० मध्ये सिद्ध केलेल्या 'मॅटरहॉर्न' प्रणालीत हीच श्रमविभागणी आहे: वर्गात लिनक्सवर चालणारा साधा संगणक, जड काम दूरच्या सर्व्हरवर.

खरी अडचण वेगाची नव्हे, काळाची होय. प्रत्येक कॅमेऱ्याचे घड्याळ स्वतंत्र असते. दोहोंत दशलक्षांत ५० भागांचा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचे अंतर पडते. सेकंदास २५ चित्रे धरल्यास साडेचार चित्रांचे. एका कॅमेऱ्याचा ध्वनी दुसऱ्याच्या चित्रास जोडला की ओठ आणि शब्द यांची फारकत दिसू लागते. आरंभी एक टाळी वाजविली म्हणजे भागले, असे मानणारे येथेच फसतात; तशीच खूण अखेरीसही हवी, म्हणजे मधला फरक वाटून देता येतो.

२०१२ पासून प्रचारात आलेले 'ओबीएस' मात्र सर्व दृश्यांची जुळवणी त्याच क्षणी, त्याच यंत्रावर करते. स्टॅनफर्डच्या तंत्रज्ञाचे काम येथे पुन्हा वर्गात परतले, हे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. २०२० च्या महासाथीत हे साधन वर्गावर्गांत पोहोचले. जुन्या यंत्रांवर ते चालविले की चित्रे गळत, आणि दोष यंत्राच्या वयास दिला जाई. मग यंत्र भंगारात निघे, नव्यास अनुदान नसे, आणि निवृत्तीस आलेल्या अध्यापकाचे व्याख्यान मुद्रित व्हावयाचे राहून जाई.