ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट

निरोगी मानवी मेंदूतील जोडण्यांचा नकाशा काढण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) २००९ मध्ये जाहीर केलेला प्रकल्प. सप्टेंबर २०१० मध्ये दोन गटांना अनुदान मिळाले. वॉशिंग्टन विद्यापीठ (सेंट लुइस) व मिनेसोटा विद्यापीठ यांच्या गटाला पाच वर्षांसाठी ३ कोटी डॉलर, तर मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल व कॅलिफोर्निया विद्यापीठ (लॉस एंजेलिस) यांच्या गटाला तीन वर्षांसाठी ८५ लाख डॉलर. नाव नकाशाचे असले तरी या पैशाचे टिकाऊ फळ म्हणजे मोजणीची साधने.

त्यांतले एक मुख्य साधन डिफ्यूजन एमआरआय. त्यात मेंदूतील तंतू प्रत्यक्ष दिसत नाहीत. पाण्याचे रेणू अक्षतंतूंच्या (चेतापेशींच्या लांब शाखांच्या) लांबीच्या दिशेने अधिक सहज सरकतात, त्यावरून तंतूंची दिशा ताडली जाते. त्यासाठी चुंबकीय प्रवणता जितकी तीव्र तितके चांगले. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या गटाने सीमेन्सकडून मीटरला ३०० मिलिटेस्ला प्रवणतेचे यंत्र घडवून घेतले. रुग्णालयांतील यंत्रांच्या ती कित्येक पट होती. मिनेसोटात मेंदूचे अनेक छेद एकाच वेळी टिपण्याची ‘मल्टिबँड’ पद्धत विकसित झाली आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली. जुळी भावंडे व त्यांची सख्खी भावंडे यांच्यासह सुमारे १,२०० प्रौढांची माहिती संशोधकांना खुली झाली. तिच्याच आधारे २०१६ मध्ये प्रत्येक गोलार्धाच्या बाह्यकाचे १८० विभाग आखले गेले.

मर्यादा मात्र मूलभूत आहेत. सव्वा मिलिमीटरच्या एका घनात असंख्य अक्षतंतू मावतात. ते एकमेकांना छेदत असतील तर त्यांची वाट आखताना चूक होते, आणि संदेश कोणत्या टोकाकडून निघतो हे या पद्धतीने कळतच नाही. एकेक सिनॅप्स (चेतापेशींमधील जोड) पाहायचा तर मुख्यतः इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. ते काम दुसऱ्या सरकारी वाटेने आले, आणि तीही गुप्तवार्ता क्षेत्रातून, हे थोडे अनपेक्षितच. त्या क्षेत्रातील अमेरिकी संशोधन संस्था आयार्पाच्या ‘मायक्रॉन्स’ कार्यक्रमाचा हेतू मेंदूवरून यंत्रशिक्षण सुधारण्याचा होता. त्यातून उंदराच्या दृष्टिबाह्यकाच्या सुमारे एक घन मिलिमीटरचा नकाशा तयार झाला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नकाशात पन्नास कोटींहून अधिक सिनॅप्स आहेत.

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष ओबामा यांनी एप्रिल २०१३ मध्ये घोषित केलेल्या ‘ब्रेन इनिशिएटिव्ह’ने सरकारी निधीचा हा ओघ वाढवला. तिच्या ‘ब्रेन कनेक्ट्स’ या शाखेला २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी १५ कोटी डॉलर मिळाले. उद्दिष्ट उंदराच्या संपूर्ण मेंदूपर्यंत जाण्याचे. मात्र ‘ब्रेन इनिशिएटिव्ह’ची वार्षिक तरतूद २०२३ मधील ६८ कोटींवरून पुढच्याच वर्षी सुमारे ४० कोटी डॉलरवर आली. वैद्यकीय संशोधनासाठीच्या २०१६ च्या ‘क्युअर्स’ कायद्याने दहा वर्षांसाठी बांधून दिलेली जादा रक्कम त्या वर्षी एकदम घटली, हे त्याचे एक मोठे कारण.