परभणीचा काळा पाषाण आणि हिमालय

जिंतूरच्या डोंगररांगा आणि हिमालय यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. मात्र दोन्हींच्या जडणघडणीमागे पृथ्वीच्या प्रावरणातील हालचालीच आहेत. भूकवचाखालील सुमारे २,९०० किलोमीटर जाडीचा थर म्हणजे प्रावरण. हा थर घन असला, तरी प्रचंड उष्णतेमुळे तो अतिशय संथपणे वाहतो आणि त्याच्या वरचे भूपट्ट सरकत राहतात.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आजच्या रियुनियन बेटाखालील उष्ण स्तंभावरून जात असताना जमिनीला भेगा पडून लाव्हाचे थरांवर थर पसरले. त्यातूनच दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्याची झीज होऊन परभणीची काळी कसदार जमीन बनली. याच सुमारास भूपट्टाचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरच्या पुढे गेला. उष्ण स्तंभाच्या रेट्याने तो वाढला, असे काही संशोधक मानतात. इतरांना हे मत मान्य नाही. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हा भूपट्ट आशिया खंडावर आदळला आणि हिमालयाच्या घड्या उंचावू लागल्या.

जिंतूरकडील अजिंठ्याच्या रांगा आणि दक्षिणेकडील बालाघाट या मात्र घड्यांच्या पर्वतरांगा नव्हेत. लाव्हाचे आडवे थर नद्यांनी कोरून काढल्यावर जो भाग उरला, तेच हे डोंगर. पठाराची पश्चिम कडा उंच असल्यामुळे अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे, गंगाखेडच्या दिशेने वाहते.

हिमालयाकडील टक्कर अद्याप थांबलेली नाही. तिचा ताण द्वीपकल्पाच्या जुन्या खडकांतही साठतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली. तेथे घेतलेल्या वेधनछिद्रात काळ्या पाषाणाची जाडी अवघी ३३८ मीटर आढळली. भूकंपाचे मूळ त्याखालच्या प्राचीन खडकांत होते. १९९९ पर्यंत परभणीचाच भाग असलेल्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी ४.५ क्षमतेचा धक्का बसला व तो परभणीतही जाणवला.

किल्लारीत जीवितहानी वाढली ती प्रामुख्याने जड दगडी भिंतींच्या, मातीच्या माळवदाच्या घरांमुळे. प्रावरणाची गती कोणालाही रोखता येणार नाही. घराची भिंत मात्र भक्कम बांधता येते.