मुकादमाच्या तोंडची रजा

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची कैक वर्षांची चिकाटी होती, हे आपल्याला साधारण ठाऊक असते. १८८४ साली फॅक्टरी कमिशनपुढे मागण्या मांडताना त्यांनी हजारो गिरणी कामगारांच्या सह्या गोळा केल्या होत्या. हे यश एवढे ठसठशीत आहे की त्याच्या आड एक दुसरा, अधिक किचकट प्रश्न झाकला गेला. सुट्टी सगळ्यांना एकदम मिळते, तिच्यासाठी कुणाची मनधरणी करावी लागत नाही. रजा मात्र ज्याची त्याने मागायची असते आणि ती कुणीतरी द्यायची असते. गिरणीत हे ‘कुणीतरी’ म्हणजे जॉबर, म्हणजेच मुकादम.

कामावर घ्यायचे त्याने, पाळीवर बदली लावायची त्याने, आणि शिमग्याला किंवा पेरणीला गावी निघालेल्या माणसाला ‘जा’ म्हणायचेही त्यानेच. रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या कामगाराला जायला सहसा कुणी अडवत नसे. खरी धास्ती परतल्यावर आपला साचा, म्हणजे माग, आपल्याला मिळेल का, याची असे. त्याच्या जागी लावलेल्या बदलीवाल्याने मुकादमाचा हात ओला केला असेल, तर परतलेला माणूस स्वतःच बदलीच्या रांगेत. १९३१ साली आलेल्या, कामगारांच्या स्थितीवरच्या व्हिटली आयोगाच्या अहवालाने हे दुखणे नेमके ओळखले: कामगाराला ठरावीक मुदतीची रजा मागायला उत्तेजन द्या आणि वेळेत परतल्यास जुने काम मिळेल, असे वचन देऊन पाठवा. मुकादम लाच खाई हे खरेच, पण त्याची सत्ता निव्वळ लाचेवर उभी नव्हती. काय चालते आणि काय चालत नाही हे कुठेच लिहिलेले नव्हते, त्यामुळे त्याचे तोंड हाच नियम होता.

पुढची वाटचाल म्हणजे तो नियम त्याच्या तोंडून काढून कागदावर आणण्याची खटपट. मुंबई प्रांताने १९३८च्या औद्योगिक विवाद कायद्यात स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या अटींची लेखी नियमावली, सक्तीचे केले. १९४६च्या केंद्रीय कायद्याने शंभर वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना ते बंधनकारक करताना, रजा कशी मागायची आणि ती मंजूर करण्याचा अधिकार कुणाला, हे आदेशांत असलेच पाहिजे असे ठरवले. मसुदा आधी कामगारांच्या संघटनेकडे जाई, हरकती ऐकल्या जात, मग तो प्रमाणित होई. तो इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, ज्या दारातून ते आत येतात तिथल्या फलकावर लावायचा. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने आणि त्यातल्या १९५४च्या दुरुस्तीने भरपगारी रजेचे गणितही बांधून दिले: वर्षात २४० दिवस भरलेल्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस, अर्ज पंधरा दिवस आधी, वर्षातून जास्तीत जास्त तीनदा. रजेच्या याच कलमात आजारपणासाठी एक खिडकी उघडी ठेवलेली होती: अशी रजा अर्ज वेळेत आला नसला तरी द्यायची. हे वाक्य घालणाऱ्याला माणसे ठरवून आजारी पडत नाहीत एवढे भान होते.

आता रजेचे हेच काम एआय एजंटकडे जाऊ लागले आहे. एजंटला टूल दिलेली असतात: शिल्लक रजा पाहणे, अर्ज टाकणे, तो मागे घेणे, कधी मंजूर करणेसुद्धा. प्रत्येक टूलला नाव असते, कोणती माहिती हवी याचा साचा असतो, आणि साध्या वाक्यांतले वर्णन असते. एजंट कोणते टूल कधी वापरायचे हे मुख्यतः त्या वर्णनावरून ठरवतो. आस्थापना विभागातला कारकून नियमपुस्तिका न वाचताही वर्षानुवर्षे काम उरकू शकत असे. एजंटच्या बाबतीत वर्णनात लिहिले तेवढेच त्याला कळते, आणि राहिले ते तो अंदाजाने भरून काढतो. म्हणून ही वर्णने लिहिणे हे प्रोग्रामरच्या मागे लागलेले लचांड नाही. ते स्थायी आदेश लिहिण्यासारखेच काम आहे. आजारपणाचा अर्ज उशिरा आला तर काय, सुधारलेल्या तारखा जुन्या अर्जावर चढवायच्या की नवा अर्ज टाकायचा, मंजुरीआधी माणसाला विचारायचे का, हे त्यात नसेल तर मुकादम परत आलाच म्हणायचा.

यावर कुणी म्हणेल, यंत्र निदान चिरीमिरी मागत नाही. कबूल, आणि ही लहान गोष्ट नाही. पण बदलीच्या रांगेत लोटल्या गेलेल्या माणसाला लोटणाऱ्याने पैसे घेतले होते की नव्हते, याने फारसा फरक पडत नाही; दाद कशाच्या आधारे मागायची, हा त्याचा प्रश्न असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुकादम गावचाच, नात्यागोत्याचा असे. घरी कुणी गेल्याची तार आली तर तो नियम बाजूला ठेवून माणसाला सोडू शकत असे, आणि लेखी नियमात ही माया उरत नाही. ती माया सगळ्यांच्या वाट्याला येत नसे, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे आजारपणाच्या त्या तरतुदीत आहे: अपवादही लिहिता येतो. जो लिहिता येत नाही, त्याच्यासाठी ‘इथे थांब आणि माणसाकडे सोपव’ हे तरी वर्णनात लिहिता येते.

तिसरा आक्षेप असा की ही वर्णने तंत्रज्ञांसाठी असतात, कर्मचारी ती कशाला वाचतील? स्थायी आदेशांची भाषाही वकिली असे आणि फलकापाशी थांबून वाचणारे थोडेच असणार. तरी वाद उभा राहिला की युनियनच्या माणसाला बोट ठेवायला ओळ सापडे. शिवाय १९४६च्या कायद्यानुसार एकदा लागू झालेले आदेश, उभयपक्षी संमती नसेल तर, सहा महिने बदलता येत नसत. टूलच्या वर्णनातले वाक्य एखाद्या दुपारी बदलते आणि संध्याकाळच्या अर्जाला नवा नियम लागतो. तेव्हा त्या वर्णनाची प्रत, बदलाची तारीख आणि बदलणाऱ्याचा हुद्दा, या तीन गोष्टी कर्मचाऱ्याला जिथे शिल्लक रजा दिसते त्याच पडद्यावर दिसायला हव्यात, आणि मराठीतही.