‘हॉप’ म्हटलं की पाऊल बदलायचं

जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात १८९२ मध्ये हार्मनीचे प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या एमिल जाक-दालक्रोझ यांना त्यांच्या विद्यार्थ्यांनी चक्रावून टाकलं होतं. मुलं स्वरलिपी झरझर वाचत, नियम घडाघडा म्हणत, पण वाजवायला बसली की लय सुटायची. आणि असा बेताल वाजवणारा मुलगा रस्त्यानं चालताना मात्र बिनचूक लयीत पावलं टाकायचा. म्हणजे लय अंगात होती. कानाकडून अंगाकडे जाणारी वाट बुजलेली होती. दालक्रोझ यांनी मुलांना बाकांवरून उठवलं आणि स्वतः पियानो वाजवत त्यांना चालायला लावलं.

हे सुचायला त्यांचा पूर्वीचा भटका उद्योगही कामी आला असावा. जन्म व्हिएन्नाचा, १८६५ चा. पॅरिसला दलीब यांच्याकडे, व्हिएन्नाला ब्रुकनर यांच्याकडे शिक्षण आणि मध्येच अल्जियर्सच्या एका नाट्यगृहात वाद्यवृंद सांभाळण्याची नोकरी. तिथं अरबी संगीतातल्या विषम मात्रा त्यांच्या कानावर पडल्या. झपताल-रूपक ऐकत वाढलेल्यांना पाच-सात मात्रांचं काय अप्रूप! पण दोन-तीन-चारच्या हिशेबात वाढलेल्या युरोपीय संगीतकाराला ते वेगळंच प्रकरण होतं.

वर्गाची रीत अशी. शिक्षक पियानोवर आयत्या वेळी सुचेल ते वाजवणार आणि मुलं त्या लयीत चालणार. पायांनी एक ठेका, हातांनी दुसरा. मध्येच शिक्षक ‘हॉप’ म्हणणार. त्याच क्षणी थांबायचं, किंवा उलट फिरायचं, किंवा दुप्पट गतीनं चालायचं. जे ठरलं असेल ते. पुढचं ‘हॉप’ कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे पाठांतराचा उपयोग शून्य. चालू असलेली हालचाल मोडून नवी उचलणं, हाच सगळा अभ्यास. जिनिव्हातलेच मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांचं या प्रकाराकडे लवकर लक्ष गेलं, यात नवल नाही. विद्यालयाचे कर्तेधर्ते मात्र अनवाणी पाय आणि उघडे दंड बघूनच अस्वस्थ झाले होते.

पुढचा प्रवास नाट्यमय आहे. जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊला या पद्धतीसाठी खास इमारत उभी राहिली. इथल्याच मारी रांबेर यांना नृत्यदिग्दर्शक निजिन्स्कींच्या मदतीला धाडलं गेलं, कारण स्त्राविन्स्कींच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेमधल्या मात्रा मोजता मोजता नर्तकांची दमछाक होत होती. १९१४ मध्ये जर्मन तोफांनी रॅम्सच्या कॅथेड्रलची नासधूस केली, त्याच्या निषेधपत्रावर दालक्रोझ यांनी सही केली आणि जर्मनीचं दार बंद झालं. १९१५ मध्ये जिनिव्हातच त्यांची संस्था सुरू झाली. ती आजही आहे. दालक्रोझ १९५० मध्ये गेले. म्हातारपणाच्या आजारांशी आपल्या पद्धतीचं नाव जोडलं जाईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

ती सोयरीक जुळली वृद्धांच्या पडण्यामुळे. स्वीडनमधल्या उमेओ इथल्या लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटंसं निरीक्षण छापलं. वृद्धनिवासातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता त्यांनी गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. त्या १२ पैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. ना यंत्र, ना रक्ततपासणी. मला तर ही वैद्यकातली सर्वात स्वस्त चाचणी वाटते. तरुणपणी चालणं आपोआप होतं, वयाबरोबर त्यात लक्ष खर्च होऊ लागतं. त्यात बोलणं आलं की मेंदूला दोन्ही हिशेब एकदम जमत नाहीत, पावलांमधलं अंतर कमीजास्त होतं आणि तोल जातो. पडण्याचं खापर आपण गुडघ्यांवर फोडतो, पण बऱ्याचदा गडबड वर असते.

चालता चालता दुसरं काम सांभाळणं हाच तर दालक्रोझ-वर्गाचा अभ्यास. रेटो क्रेसिग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आयुष्यभर दालक्रोझ-पद्धतीचा सराव केलेल्या वृद्ध स्त्रियांची चाल तपासली. चालताना दुसरं काम दिलं तरी त्यांची पावलं तरुणांसारखी एकसारखी पडत होती. पण ज्यांनी कधीच सराव केलेला नाही त्यांचं काय? जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या आंद्रेआ त्रोंबेत्ती यांच्या गटानं पडण्याचा धोका असलेल्या, पासष्टीपुढच्या १३४ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला आठवड्यातून एकदा, तासभर, सहा महिने हा वर्ग. दुसऱ्याला तोच वर्ग सहा महिन्यांनंतर. २०११ मध्ये छापलेला निकाल असा, की वर्गातल्यांचं पडण्याचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी होतं. दुसऱ्या गटाची पाळी आल्यावर त्यांचीही चाल सुधारली. याच मंडळींच्या मेंदूच्या चाचण्यांचा हिशेब २०१४ मध्ये आला. मन विचलित करणाऱ्या गोष्टी बाजूला सारण्याची क्षमता सुधारली होती आणि चिंता घटली होती. सहा महिन्यांतली ही सुधारणा माफक आहे. यावरून स्मृतिभ्रंश टळतो असं कुणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नये.

या वर्गाची खरी किल्ली आयत्या वेळी वाजणाऱ्या पियानोत आहे, असं माझं मत. ध्वनिमुद्रित गाण्यावर तेच पदन्यास केले की चार आठवड्यांत सवय होते, आणि सवय झाली की मेंदू सुट्टीवर. पियानोवाला समोरची पावलं बघून लय ओढतो, सोडतो. पावलं त्याला उत्तर देतात. अडचणही तिथंच आहे. दर आठवड्याला हजर राहणारा, सुचेल ते वाजवू शकणारा, सत्तरीतल्यांच्या दमाचा अंदाज असलेला वादक औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही, आणि त्याचं मानधन कुणी द्यायचं हा प्रश्न उरतोच. बाझेलमध्ये असे वर्ग ‘कॅफे बालान्स’ या नावानं चालतात. आधी तासभर पियानोमागे चालायचं, मग कॉफी आणि गप्पा, अर्थात बसून.