सामाजिक जेटलॅग आणि नैराश्य

सामाजिक जेटलॅग : कामाच्या दिवशीची झोप आणि सुट्टीच्या दिवशीची झोप यांच्या वेळांत पडणारे अंतर. विमानात पाऊल न ठेवता शरीराला दर आठवड्याला घडणारा हा प्रवास आहे. शनिवारी पश्चिमेकडे निघायचे आणि सोमवारी गजर वाजला की एका झटक्यात परतायचे. जर्मन कालजीवशास्त्रज्ञ टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ही संज्ञा मांडली. प्रौढांतील नैराश्याशी असलेल्या तिच्या संबंधाचा अभ्यास त्यानंतर सुरू झाला.

मोजणी सोपी आहे. झोपेची सुरुवात आणि जाग यांच्या मधोमधची वेळ दोन्ही प्रकारच्या दिवसांसाठी काढायची आणि वजाबाकी करायची. एरवी रात्री १२ ते सकाळी ६ झोपणाऱ्याचा मध्य ३ वाजता येतो. रविवारी तोच माणूस दीड ते साडेनऊ झोपला तर मध्य साडेपाचला येतो, म्हणजे जेटलॅग अडीच तासांचा. मात्र याच रविवारी त्याला सहाऐवजी आठ तास झोप मिळाली, दोन तासांची थकबाकी फिटली. एकाच सकाळीत लाभ आणि तोटा असे दोन्ही असतात. वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक मजकुरात नेमकी इथेच गल्लत होते : झोप किती मिळाली आणि ती केव्हा घेतली हे वेगळे प्रश्न आहेत. तोच माणूस सुट्टीच्या आदल्या रात्री ११ ला आडवा होऊन ७ ला उठला असता, तर दोन तास मिळाले असते आणि मध्य ३ वरच राहिला असता.

ब्राझीलच्या दक्षिणेकडील ग्रामीण भागात सुमारे ४,००० प्रौढांची पाहणी झाली (२०११). तीत दोन तासांहून अधिक सामाजिक जेटलॅग असलेल्यांचे नैराश्याचे गुणांक चढे आढळले. उलट दक्षिण कोरिया आणि अमेरिका येथील आरोग्य-सर्वेक्षणांच्या विश्लेषणांत, सुट्टीला एक-दोन तास जादा झोपणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे कमी दिसली. त्याहून लांब झोपेत हा लाभ तितका स्पष्ट नव्हता. या विसंगतीचे मूळ बरेचसे वरच्या गल्लतीत आहे.

अलेक्झांडर बोर्बेली यांच्या १९८२ च्या प्रतिमानानुसार झोप दोन गोष्टींवर चालते : जागेपणी साचत जाणारा झोपेचा दाब आणि मेंदूतील दैनिक घड्याळ. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर लावले जाते. रविवारी नऊपर्यंत पडदे ओढून झोपले की सकाळचा उजेड हुकतो, घड्याळ मागे सरकते. दाबही उशिरा साचू लागतो. रात्री वेळेवर अंथरुणात शिरूनही डोळा लागत नाही. सोमवारच्या जडपणाचा दोष कचेरीला देण्यापूर्वी एवढे तपासावे.

वरील पाहण्या एका वेळी घेतलेल्या छायाचित्रासारख्या आहेत. आधी काय घडले हे त्यांतून कळत नाही. नैराश्य स्वतःच झोप मोडते. कोणी पहाटे तीनला टक्क जागा होतो, कोणाला दहा-बारा तास झोपूनही उठवत नाही. मुळात उशिरा झोपण्याची प्रकृती असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण अधिक असते, आणि सकाळच्या कामामुळे सर्वाधिक जेटलॅगही त्यांनाच होतो. शिवाय सुट्टी रविवारीच असते असे नाही. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात ती बहुधा गुरुवारी असते. पाळ्यांत काम करणाऱ्यांना तर हे साधे गणित पुरतच नाही.

झोप वाढली की मन सुधारते, हा हिशेबही सरळ नाही. तीव्र नैराश्यात रुग्णाला वैद्यकीय देखरेखीखाली रात्रभर जागे ठेवल्यास सुमारे निम्म्या जणांची खिन्नता सकाळपर्यंत ओसरते. पुढच्या झोपेनंतर ती बहुतेकांत परतते. हा प्रयोग घरी करू नये.